कितव्या रिळात मार खातो?

हाणामारीचे सिनेमे डोकं बाहेर ठेवून बघायचे असतात, असं म्हणणारी माणसं माझ्या डोक्यात जातात. आमच्या सोसायटीतच असे दोघे आहेत. एक बँकेतून रिटायर झालेले, दुसरे कॉलेजात फिजिक्स शिकवायचे. सकाळी चालायला भेटलो की विषय निघतोच. "काय हो ऑपरेटर, तुमचा तो हिरो एका बुक्कीत नऊ माणसं उडवतो. काही लॉजिक आहे का याला?" मी वाशीच्या एका थेटरात बत्तीस वर्षं ऑपरेटर होतो. म्हणजे मागच्या भिंतीतल्या चौकोनी भोकातून पडद्यावर सिनेमा फेकणारा माणूस. एवढ्या वर्षांत मी किती गुंड उडताना पाहिले, याची गणती नाही. त्यामुळे लॉजिक मला शिकवू नका.

थेटराचं नाव सांगत नाही. ते पाडलं, तिथं आता काचेची बिल्डिंग आहे आणि तिचा वॉचमन मला गेटपाशी उभंही राहू देत नाही.

आमचं पब्लिक म्हणजे मार्केटातले माथाडी. पाठीवर, डोक्यावर गोणी वाहणारी माणसं. बहुतेक सगळी साताऱ्याकडची. त्यांचं काम पहाटे सुरू व्हायचं आणि दुपारपर्यंत आटपायचं. आंघोळ करून, कपाळाला अष्टगंध लावून ही मंडळी शुक्रवारी साडेबाराच्या शोला हजर. तरीही कांद्या-लसणाचा वास खालच्या स्टॉलमध्ये भरून राहायचा. झाडूवाला म्हणायचा, इथं सिनेमा चालतो की कांदा निवडतात तेच समजत नाही.

एकदा मीच फिजिक्सवाल्यासारखा शहाणपणा केला होता. एका टोळीच्या मुकादमाला विचारलं, "काय मुकादम, हिरो जीप उचलून फेकतो, पटतं तुम्हाला?" मुकादमाने माझ्याकडे असं पाहिलं, की मला माझीच लाज वाटली. म्हणाला, "आपरेटर, जीप केवडी जड आसती ते आमाला सांगता व्हय? आमी रोज खरंच उचलतो. हितं जरा खोटं उचललेलं बगू द्या की." त्यानंतर मी कोणाला असलं काही विचारलं नाही. हे सिनेमे अजून का चालतात, यावर लोक मोठमोठे लेख लिहितात. मला मुकादमाचं उत्तर पुरतं.

आता आमचं काम थोडं समजावून सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. त्या काळी सिनेमा लोखंडी पेटीतून यायचा. आत सात-आठ मोठी रिळं. एक रीळ साधारण वीस मिनिटांचं. केबिनमध्ये दोन मशिनं. एकावरचं रीळ संपत आलं की पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात वर एक गोल ठिपका चमकतो. तो दिसला की दुसरं मशीन चालू करायचं. काही सेकंदांनी पुन्हा ठिपका, की याचा उजेड बंद आणि त्याचा चालू. खालच्या माणसाला पत्ताही लागत नाही. पेटी गुरुवारी यायची. शुक्रवारच्या आधी सगळी रिळं हाताने फिरवून, फिल्मच्या कडा बोटांनी चाचपत, कुठे फाटलंय का ते बघायचं. समोर बल्ब लावलेला. त्या उजेडात एकेक चित्र दिसायचं. म्हणजे अख्ख्या वाशीत सिनेमा पहिल्यांदा मी बघायचो, आवाजाशिवाय, बोटांच्या चिमटीत. त्याचा मला लय माज होता.

शालनमावशी पहिल्यांदा आली ती थेट केबिनमध्ये. लोखंडी जिना चढून बाहेरचं कोणी वर येत नसे. इंटरव्हल झाला होता. नऊवारी, कमरेला पिशवी, पन्नाशीची बाई दारात धापा टाकत उभी.

"आपरेटर कोन हाय?"

"मीच. काय झालं मावशी?"

"मागं जाऊन परत दाव."

"काय दाखवू?"

"ती मारामारी. माझा ल्योक मार खात व्हता. नीट दिसला न्हाय."

मी हसलो. म्हणालो, "मावशी, हा काय टेपरेकॉर्डर आहे का?" ती हसली नाही. पिशवीतून एक फोटो काढला. विशीतला उंच, किडकिडीत पोरगा, कान बाहेर आलेले. त्याचं नाव विलास. बाप मार्केटात माथाडी. टोळीतली बापाची जागा पोराने घ्यायची, हा त्यांच्यातला रिवाज. पोराला मात्र फायटर व्हायचं होतं, सिनेमातला. बाप म्हणाला, गोणी उचलायची लाज वाटत आसंल तर या उंबऱ्यात पाय ठेवू नको. पोरगा गेला हैद्राबादला. तिकडे असले सिनेमे ढिगाने निघतात, मग हिंदी आवाज चढवून आपल्याकडे येतात. दोन वर्षांनी बाप हार्टने गेला. पोराचा पत्ता कोणाकडेच नव्हता. मावशी एकटी मार्केटात कांदा निवडायला बसायची. कोणीतरी सांगितलं, अगं तुझा विलास अमक्या सिनेमात मार खाताना दिसला. म्हणून ती आयुष्यात पहिल्यांदा एकटी थेटरात आली होती.

मी शेवटचा शो सुटेपर्यंत तिला थांबवलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ये म्हणालो. रिकाम्या थेटरात मालकाच्या चोरून ते एक रीळ लावलं. हिरो लाथ मारतो, फोटोतला पोरगा उलटा होऊन भाजीच्या गाडीवर पडतो, गाडी मोडते. दीड सेकंद. मावशी पहिल्या रांगेत उभी. मी खाली येऊन विचारलं, "हाच का?"

"त्योच," ती म्हणाली आणि पदराने तोंड झाकून रडली. मग डोळे पुसून म्हणते कशी, "चांगला पडला, न्हाय?"

त्या दिवसापासून आमचं ठरलं. गुरुवारी पेटी आली की मी मारामारीची रिळं बल्बसमोर सावकाश फिरवायचो आणि गुंडांच्या गर्दीत तो शोधायचो. फोटो केबिनच्या भिंतीला चिकटवला होता. शुक्रवारी मावशी जिन्याखाली उभी राहून वर बघून विचारायची, "कितव्या रिळात मार खातो?"

"सहाव्या, मावशी. बर्फाच्या कारखान्यात. उजवीकडून दुसरा, डोक्याला लाल फडकं."

"आन् कुटं पडतो?"

"पाण्याच्या टाकीत."

"सर्दी हुईल की त्येला," म्हणत ती आत जायची. रीळ कसं मोजायचं ते मीच शिकवलं होतं. कोपऱ्यातला ठिपका दिसला की ती एक बोट मिटायची. आसपासचे सगळे हिरोकडे बघायचे, ही ठिपक्यांकडे. पुढे पुढे माथाडी पोरांनाही कळलं. मग काय विचारता. हिरोच्या एन्ट्रीला शिट्टी नाही एवढी शिट्टी उजवीकडून दुसऱ्या गुंडाला. "मावशीचा पोरगा आला रे." तो पाण्यात पडला की टाळ्या. सिनेमा बनवणाऱ्याने आमच्या थेटरात येऊन बघितलं असतं तर चक्रावला असता.

सुटल्यावर मावशी दोन शब्द सांगून जायची. लई वाळलाय. किंवा, मिशी शोभती त्येला. कधी एखाद्या सिनेमात तो सापडायचा नाही. मग तिचा आठवडा वाईट जायचा आणि खरं सांगू, माझाही. मार खाताना दिसला म्हणजे जिता आहे, कामावर आहे, एवढंच तिला त्यातून कळायचं. पण तेवढ्यावर ती सात-आठ वर्षं जगली. आणि मी, केबिनमध्ये मशीनच्या घरघरीत एकटा बसणारा माणूस, शुक्रवारची वाट बघायला लागलो. माझी आई सारसोळ्याला खाडीत निवट्या मासे पकडायची. तिने माझं काम कधी बघितलं नाही. काय करतोस त्या खोलीत कोंडून घेऊन, एवढंच विचारायची. मावशीने विचारलं ते, कितव्या रिळात. म्हणजे मी काय करतो ते तिला कळत होतं.

आता माझी चूक. एक सिनेमा आला, लांबलचक. दिवसाचे चार शो बसेनात. अशा वेळी ऑपरेटर गुपचूप कात्री लावायचे, ही आमच्या धंद्यातली उघड चोरी. एरवी गाणं उडवायचं. पण त्यातली गाणी इतकी गाजलेली, की उडवली असती तर पब्लिकने खुर्च्या उडवल्या असत्या. म्हणून मी मारामारीला हात घातला. इथून दहा सेकंद, तिथून वीस. मावशीचा गुंड जिथे होता त्या चौथ्या रिळाला अर्थात हात लावला नाही. दुसऱ्या रिळात एक माणूस तिसऱ्या मजल्यावरून काच फोडून बाहेर जातो. काच फुटली, माणूस हवेत गेला, तिथेच कापलं आणि पुढचा सीन जोडला. मला वाटलं, कोणाच्या बापाला कळणार नाही.

रविवारी साडेतीनच्या शोनंतर एक माणूस जिना चढून वर आला. पस्तिशीचा, एका पायाने लंगडत. आल्या आल्या तापलेला.

"दुसऱ्या रिळात काचेतून माणूस उडाला. पडला कुठं?"

मी चपापलो, पण आवाज चढवला. "मेला तो. पडला काय नि नाय पडला काय, तुला काय करायचंय?"

"तुम्ही कापलं ते. उडाला तेवढं ठेवलं आणि पडलेलं कापलं." त्याने मशीनकडे बोट केलं. "उडवायला दोरी असते, साहेब. पडायला माणूसच लागतो. त्याचं काम तेच हाय, पडायचं. तेच तुम्ही कापून टाकलं."

एवढं कोण बोलणार? मी त्याच्याकडे नीट पाहिलं. उंच, अंग भरलेलं, केस मागे हटलेले. कान मात्र बाहेर आलेले. त्याचं लक्ष माझ्या मागे भिंतीवर गेलं होतं. तो स्वतःच्याच फोटोकडे बघत होता.

"विलास काय रे तू?" मी विचारलं.

तो खाली स्टुलावर बसला. मी सगळं सांगितलं. ठिपके, बोटं, शिट्ट्या. परवाच शुक्रवारी तुझ्या आईने तुला चौथ्या रिळात बघितलं, तू मासळीच्या टोपल्यांवर पडतोस, असंही सांगितलं. तो हळूच म्हणाला, "मी नाय तो."

"म्हणजे?"

"मी पाचच पिक्चर केले. गच्चीवरून उडी होती, खाली खोक्यांचा ढीग. एक खोका सरकला. टाच फुटली. सात वर्षं झाली, लाइन सोडली. इथं तळवलीला भाड्याने राहतो. शाळेची बस चालवतो."

वाशीहून तळवली किती लांब? बसने अर्धा तास. मी म्हणालो, "मग बर्फाच्या कारखान्यातला? लाल फडक्याचा?"

"कोन जाने. माझ्यासारखे पन्नास असतात तिथं. विग लावला, मिशी लावली की आम्हीच एकमेकांना ओळखत नसू."

"आणि घरी का गेला नाहीस गाढवा?"

"बाप गेल्याचं वर्षाने कळलं. खांदा द्यायला नव्हतो. लंगडा होऊन आलो. कुठल्या तोंडाने जाऊ?" जाताना त्याने हात जोडले. आईला सांगू नका, मी हिंमत झाली की जातो, म्हणाला. मी कबूल झालो.

पुढचे दोन शुक्रवार मी तिला खोटं सांगितलं. दुसऱ्याच कोणाच्या तरी पोराकडे बोट दाखवून म्हणालो, मावशी, पाचव्या रिळात, ट्रकच्या टपावर. दिलेल्या शब्दासाठी गप्प बसलो, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगितलं. ते खरं नाही. पोरगा घरी आला की ती कशाला येईल थेटरात, मला कोण विचारील कितव्या रिळात, हा हिशेब माझ्या मनात होता. वय झालं, आता लपवून काय करू. एका आईला तिच्या पोरापासून मी पंधरा दिवस लांब ठेवलं, ते माझ्या करमणुकीसाठी.

त्यातल्या दुसऱ्या शुक्रवारी सिनेमा सुटल्यावर मावशी जिन्याखाली थांबली. म्हणाली, "आपरेटर, म्या हैद्राबादला निगाले. खोली दिऊन टाकती. चार पैसं येतील."

"कशाला?"

"त्यो थकलाय. ट्रकवरनं पडला, उटताना हात टेकला त्येनं. आधी आसा टेकत नव्हता. आता मार झेपत न्हाय त्येला. घिऊन येती."

घर विकून, भाषा येत नसलेल्या गावात, पडद्यावरच्या एका परक्या माणसाला सोडवायला ही बाई निघाली होती. मी दुसऱ्या ऑपरेटरच्या हातापाया पडून पुढचा शो त्याच्या गळ्यात मारला आणि तळवलीची बस धरली. विलास बस धूत होता. मी म्हणालो, "तुझी आई हैद्राबादला निघालीय, तुझा मार थांबवायला. हिंमत व्हायची वाट बघत बसू नको आता."

त्याच्या हातातला पाइप तसाच वाहत राहिला.

पुढच्या शुक्रवारी साडेबाराच्या शोला मी मावशीला नेहमीच्या जागी बसवलं. घरी जायची त्याची तयारी नव्हती. म्हणाला, उजेडात नाय जमणार मला. म्हणून अंधार झाल्यावर मी त्याला तिच्या शेजारच्या खुर्चीवर सोडलं आणि वर पळालो. भोकातून खाली बघत राहिलो. दोन डोकी दिसत होती, एकमेकांकडे न वळलेली. ती पडद्याकडे बघत होती, बोटं मिटत होती. हा मान खाली घालून. पहिलं रीळ गेलं, दुसरं गेलं. मी मनात म्हणत होतो, बोल रे, बोल.

आणि बत्तीस वर्षांत कधी झालं नाही ते झालं. माझा ठिपका चुकला. रीळ संपून गेलं आणि पडदा पांढराफटक पडला. अख्ख्या थेटरात लख्ख उजेड. "अय आपरेटर, झोपला काय रे" म्हणून शिट्ट्या, शिव्या सुरू झाल्या. माझे हात हललेच नाहीत. कारण त्या उजेडात मावशीने शेजारी पाहिलं होतं. ती ओरडली नाही, रडली नाही. तिने त्याच्या कानाला हात लावला. मग गालाला. मग दंड, खांदे, पाठ चाचपत गेली, जसं मी फाटलंय का ते बघायला फिल्म चाचपायचो तसं. सात-आठ वर्षांचा सगळा मार ती शोधत होती. तो लहान पोरासारखा हुंदके देत होता. आसपासचे माथाडी आधी बघत राहिले, मग एकेक करून गप्प झाले. कोणीतरी उठून म्हणालं, "आपरेटर, राहू दे. घाई नाय."

त्यानंतरचा शुक्रवार मला कठीण गेला. पेटी आली, रिळं फिरवली, सवयीने गुंड बघितले, आणि म्हटलं आता कोणाला सांगायचं. साडेबाराला जिन्याखालून हाक आली.

"कितव्या रिळात?"

मी खाली धावलो. "मावशी, पोरगा घरी आहे ना?"

"हाय की. भाकरी खाऊन बसवर गेला."

"मग तो पडद्यावरचा आपला नाही, सांगितलं ना त्याने तुला?"

"सांगितलं." ती म्हणाली, "आपरेटर, इतकी वर्सं म्या त्येच्यावर नजर ठिवली. दुसऱ्याचा म्हनून आता सोडू व्हय? त्येची आई कुटं आसंल. तिला कुनी सांगत आसंल का, कितव्या रिळात हाय म्हनून?"

मी म्हणालो, "तिसऱ्या. पेट्रोल पंपावर." आणि ती आत गेली.

ती आणखी बरीच वर्षं आली. कधी विलासला घेऊन, बहुतेक वेळा एकटी. मग पेट्या बंद झाल्या, सिनेमा कॉम्प्युटरवर यायला लागला, शुक्रवारच्या शोआधी तो उघडताही येत नसे. मला आधी काही सांगता येईना. ती म्हणायची, चालंल, दोगंबी एकदमच बगू. मावशी गेली तेव्हा तिच्या तिरडीला विलासने खांदा दिला आणि एक खांदा मी दिला. वर्षभरात थेटरही गेलं. त्या पांढऱ्या उजेडातली तिची बोटं मला अजून दिसतात. पुन्हा एकदा तरी जिन्याखालून ती हाक ऐकायला मिळावी, असं वाटतं. फार वाटतं.

फिजिक्सवाले विचारतात, एवढं काय बघता हो त्या मारामारीत. हिरोकडे मी बघतच नाही, हे त्यांना कसं सांगणार? गेल्या महिन्यात मॉलमध्ये सिनेमाला एकटाच गेलो होतो. वीस माणसं उडाली. मी सगळ्यांची तोंडं बघितली, त्यात मावशीचा तो गुंड नव्हता. मग व्हिलनची गाडी आली आणि दार उघडायला एक म्हातारा ड्रायव्हर उतरला. दाढी पांढरी, कान बाहेर आलेले. मी ताडकन उभा राहिलो. मागचा पोरगा ओरडला, "ओ अंकल, बसा ना." बाहेर येऊन मी विलासला फोन लावला.

"विलास, तो दिसला. जिवंत आहे."

कोण ते त्याने विचारलं नाही. म्हणाला, "कुठं पडतो?"

"पडत नाही आता. गाडीचं दार उघडतो."

मग तो म्हणाला, "बरं झालं. थकला होता तो. आई म्हणायची."